मळी आली

मैंदर्गीच्या बसूशी लग्न होऊन वैष्णवी माघात जेऊरहून सासरी आली. तेव्हापासून तिच्या सासूबाई, चंद्रव्वा, तिला रोज एक कानडी शब्द शिकवत. अत्ती म्हणजे सासू. नीरु म्हणजे पाणी. उप्पु म्हणजे मीठ. जी वस्तू समोर येईल तिचा शब्द. वैष्णवी तो कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकटीत लिहून ठेवी. वैशाखापर्यंत बरेच शब्द झाले. या काळात पाऊस मात्र एकदाही पडला नव्हता, म्हणून त्याचा शब्द राहिला होता.

मेच्या अखेरीस अरबी समुद्रात वादळ तयार होत असल्याची बातमी आली. ते इकडे येईल की नाही, हे कोणी नक्की सांगत नव्हतं. बसू चिंचोळीला कारखान्यात कामावर होता. चंद्रव्वा आणि सासरे गुरप्पा अक्कलकोटला साखरपुड्याला निघाले. अंगणात उन्हाळी भुईमुगाच्या शेंगा वाळत होत्या.

"बी हाय त्यात," चंद्रव्वा जाताना म्हणाल्या. "भिजलं तर पेरायला काय न्हाय. तुज्यावर सोडून चालले."

असं त्या पहिल्यांदाच म्हणाल्या होत्या.

दुपारी उजेड बदलला. ऊन होतं, पण भिंती तांब्याच्या भांड्यासारख्या दिसत होत्या. वारा थांबला. खालचे ढग उत्तरेकडे चालले होते, वरचे पश्चिमेकडे. चतुर अगदी जमिनीलगत उडत होते. वैष्णवीने हे सगळं पाहिलं, आणि तेवढ्यात फोन वाजला.

"मळी बंतव्वा, मळी! ताडपत्री हाकु!" चंद्रव्वा ओरडल्या आणि फोन कटला. पुन्हा लागेना.

बंतव्वातलं बंतु म्हणजे आलं आणि हाकु म्हणजे घाल, हे तिला शिकवून झालं होतं. मळी तर मराठीच शब्द. उसाचा रस गाळून कारखान्यात जो काळा, ओला गाळ उरतो, ती मळी. शेतात खत म्हणून टाकतात. तिचा ट्रॅक्टर यावा म्हणून गुरप्पा आठवडाभर फोन करत होते.

घरात ताडपत्री एकच. वैष्णवीने ती मळी उतरवायला फाटकाबाहेर, वाटेच्या कडेला अंथरली. चार कोपऱ्यांवर दगड ठेवले आणि ट्रॅक्टरची वाट पाहत उभी राहिली.

शेजारच्या नागव्वा शेरडं घेऊन परतत होत्या.

"काय गं, ताडपत्री वाटंवर आन् शेंगा उघड्यावर? तुमच्या जेऊरात असंच करत्यात व्हय?"

"मळी यायलीय की, मावशी. अत्तीचा फोन आलता."

नागव्वांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग आभाळाकडे.

"यायलीय की! ती बघ, वरनं यायलीय. अगं येडे, मळी म्हंजी पाऊस!"

पहिला थेंब ताडपत्रीवर टपकन वाजला. दोघींनी दगड ढकलले. वाऱ्याने ताडपत्री हातातून दोनदा सुटली. तिसऱ्यांदा नागव्वा सरळ तिच्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "आता उडव म्हणावं मला!" शेंगा झाकल्या, पण तोवर लिंबाच्या झाडाकडची कड भिजली होती. सर दहा मिनिटं टिकली. वादळ समुद्रातच वळल्याची बातमी संध्याकाळी आली.

चंद्रव्वा परतल्या. घडलेलं त्यांना नागव्वांकडून वाटेतच कळलं होतं. त्यांनी मधली एक शेंग उचलून कानाशी हलवली. दाणे खुळखुळले. कडेच्या शेंगा त्यांनी टोपलीत वेगळ्या काढल्या.

"ह्या उकडू," त्या म्हणाल्या. "बी पुरतंय. पावसाचा शब्द मीच द्यायची राहिले."

उकडलेल्या शेंगा खाता खाता वैष्णवीने त्या दिवसाच्या चौकटीत 'मळी' लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी ट्रॅक्टर थांबला.

"अत्ती," वैष्णवीने हाक मारली, "मळी आली!"

चंद्रव्वा पिठाच्या हातांनी धावत आल्या आणि शेंगांवर ताडपत्री ओढू लागल्या. आभाळ निळं होतं.