वरच्या घोसातला कुट्टू

बाइंडर पुस्तकं बांधायचा ती वाचून वाचून. त्यामुळे गिऱ्हाइकं ताटकळायची आणि त्याला मात्र नाही नाही त्या गोष्टी ठाऊक असायच्या. शेतीवरच्या एका जाडजूड पुस्तकाला पुठ्ठा घालताना तो कुट्टूच्या पानावर अडकला. काळपट, तीन कोनांचा दाणा. पीठ गव्हासारखं होतं, पण झाड गवताच्या जातीचं नाही. झालं, डोक्यात भुंगा शिरला. थोरल्या बहिणीच्या मागे लागून त्याने घरामागचा तुकडा पेरायला मिळवला.

"दाणा धरला तर तुझं नशीब," ताईने बजावलं होतं. "नाहीतर नांगर फिरवून मी कोबी लावणार."

लालसर देठांची रोपं गुडघ्यापर्यंत आली, पांढऱ्या फुलांनी लगडली. दाण्याचा मात्र पत्ता नाही.

बाइंडर पद्धतशीर माणूस. पहिल्या फुलांच्या बारा घोसांना त्याने शिलाईचा निळा दोरा बांधून ठेवला. सकाळी पुस्तकांच्या पाठींना खळ लावायची, ती दाबात ठेवायची आणि वाळेपर्यंत, म्हणजे भर दुपारी, शेतात जाऊन ते बारा घोस तपासायचे. उन्हाने जीव नकोसा केला होता. फुलं सुकली, गळली. मधमाशी तर एकदाही दिसली नाही.

"काय म्हणतायत बारा लेकरं?" ताई जेवताना विचारायची.

"काही नाही अजून."

"फुलदाणीत तरी घाल मग!"

अखेर तिने ट्रॅक्टरवाल्याला गुरुवारी सकाळी बोलावलं.

त्या दिवशी बाइंडरचं खळीत लक्ष लागेना. ब्रश तसाच टाकून तो आठ वाजताच शेतात गेला. आठवड्यापासून हवा गार झाली होती. बांधावर पाय ठेवला आणि तो थबकला. अख्खा तुकडा गुणगुणत होता. मधमाश्याच मधमाश्या! म्हणजे या बायका सकाळीच येऊन जातात की काय? आपण दुपारी कुणाची वाट बघत होतो?

तो एका बांधलेल्या घोसापाशी उकिडवा बसला. एक माशी त्याच्या दोऱ्याला वळसा घालून थेट वर गेली, शेंड्याजवळच्या ताज्या घोसावर. तिच्यामागे त्याने मान उंचावली. फुलांच्या आड काहीतरी हिरवं टोचत होतं. त्याने चष्मा कपाळावर सारून नाक जवळ नेलं. तीन कोन. शेजारच्या रोपावरही. त्याच्या शेजारीही. आपण बारा घोस बांधले आणि वर बघायचंच सोडून दिलं!

मागे ट्रॅक्टर धडधडत आला. बाइंडर हात पसरून वाटेत उभा राहिला. आयुष्यात तो कधी कुणाच्या वाटेत उभा राहिला नव्हता, त्यामुळे हातांचं पुढे काय करायचं ते त्याला कळेना.

"काका, मला अजून दोन ठिकाणी जायचंय," ट्रॅक्टरवाला ओरडला.

"ताई! दाणा धरलाय!"

ताई ओचा सावरत आली. "किती? एक?"

"मोज तू."

ती वाकली. "हा एक. हा... अरे, हा पण. थांब, बोलू नकोस, चुकेल." ती दुसऱ्या रोपाकडे सरकली, मग तिसऱ्या. "मग खालची का गळली?"

"उन्हाने भाजली असावीत. नक्की नाही सांगता येत."

"पुस्तकात नाही?"

"ते पान मी नीट वाचलं नसेल."

ट्रॅक्टरवाल्याने इंजिन बंद केलं. "नांगरायचं की नाही, मावशी?"

"विहिरीपलीकडचा तुकडा नांगर. कोबी तिकडे लावेन." ताईने मान वर केली नाही. "आणि काय रे, एकाच रोपावर फुलंही आणि दाणेही? मग कापायचं कधी?"

बाइंडरने डोकं खाजवलं. "तेच तर आता बघायचंय."

"मग सकाळी येत जा," ती म्हणाली. "मीही येईन."