चार सिलिंडर की सहा

अंकिताला परवा सकाळी घरी न्या, असं मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा बिरदेवला आधी रस्ता आठवला. सतरा वर्षांच्या त्याच्या पोरीची हाडं जन्मापासून ठिसूळ. आता उजव्या मांडीत सळई घातली होती. "जाताना धक्का बसता कामा नये," डॉक्टर म्हणाले. "मागच्यासारखं होऊ देऊ नका."

मागच्या वेळी ॲम्ब्युलन्स विट्याच्या पुढं एका खड्ड्यात आदळली आणि काडी मोडल्यासारखा आवाज आला. तिथूनच मागं फिरावं लागलं. मिरज येईपर्यंत तिची आई माया पोरीचा पाय दोन्ही हातांत धरून बसली होती.

मिरजेतच खोली घेऊन राहिले असते. पण बारावीची परीक्षा नऊ दिवसांवर आली होती आणि केंद्र गावाजवळ वडूजला. शिवाय दर तीन महिन्यांनी हाडांच्या औषधाच्या सलाइनसाठी पुन्हा मिरजेला यायचंच होतं. भाड्याच्या मोठ्या गाड्या बिरदेवनं विचारून पाहिल्या. लग्नाला देतो, तसल्या रस्त्याला देत नाही, असं उत्तर आलं.

कुठली गाडी हवी ते त्याला पक्कं माहीत होतं. पाचगणीच्या ज्या बंगल्यावर तो ड्रायव्हर होता, त्या मालकांकडं एक जर्मन एसयूव्ही होती. एकदा त्यांनी ती अंकितासाठी दिली, तर पोरगी मिरजेपर्यंत झोपून गेली होती. गाडीत बसून तिला झोप लागलेली बिरदेवनं पहिल्यांदाच पाहिली. पुढं मालक परदेशी गेले, गाडी विकली गेली, नोकरीही संपली. हे सगळं ठाऊक असलेल्या धुळानं, बिरदेवच्या बापानं, गेल्या महिन्यात सगळी मेंढरं विकली. "घे तसली गाडी," एवढंच म्हणाला आणि मेंढरांच्या रिकाम्या वाड्याकडं पाठ करून बसला.

सांगलीत जुन्या गाड्या विकणाऱ्या ऋषिराजकडं त्याच जातीच्या दोन गाड्या होत्या. बिरदेवनं कोरेगावहून लालासाहेबांना बोलावून घेतलं. लष्करात गाड्या दुरुस्त करण्यात त्यांची बावीस वर्षं गेली होती आणि बंगल्यावरच्या गाड्याही तेच बघायचे.

"पांढरी घ्या," ऋषिराज म्हणाला. "दोन लिटरचं इंजिन, चार सिलिंडर, एकच मालक. काळी जुनी आहे. तीन लिटर, सहा सिलिंडर. पण हवेचं सस्पेन्शन, म्हणजे स्प्रिंगांच्या जागी हवेच्या पिशव्या, फक्त सहावालीलाच यायचं. चारवालीला साध्या स्प्रिंगा."

लालासाहेबांनी पांढरी चालू केली, ऐकली आणि मान डोलावली. मग काळी चालू केली. सुरुवातीला पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा आवाज आला, मग कमी झाला. त्यांनी लांब स्क्रू ड्रायव्हर इंजिनाला टेकवला, त्याची मूठ कानाला लावली आणि बराच वेळ तसेच वाकून उभे राहिले.

"इंजनाच्या आतली चेन वाजतीया," ते बिरदेवला बाजूला घेऊन म्हणाले. "ती मागल्या अंगाला हाय. बदलायची तर सगळं इंजन खाली घ्याय लागतंय. आठ-धा दिस."

"आवं, परवा पोरीला न्यायचीय."

"मग हिच्या नादाला लागू नगंस. तुटली तर इंजन खलास."

"कवा तुटंल?"

"उद्या तुटंल. न्हाई तर वरीसभर बी चालंल. कोन सांगणार?"

बिरदेवनं दोन्ही गाड्या यार्डामागच्या कच्च्या रस्त्यावर फिरवल्या. अंकिताला झोपवायचं तशी माया मागच्या सीटवर आडवी झाली होती. पांढरीतून उतरली तेव्हा तिनं कमरेवर हात ठेवला. काळीतून उतरली ती रडतच. "ह्यात धक्का काय बी कळत न्हाई वो," ती म्हणाली. "पाळण्यात असल्यासारखं हाय."

"पांढरीला हवेचं बसवता येत न्हाई का?" बिरदेवनं विचारलं.

"येतंय. महिना जाईल, आन तरी तसं बसंल असं न्हाई," लालासाहेब म्हणाले.

संध्याकाळी दवाखान्यात बिरदेवनं सगळं अंकिताला सांगितलं. पांढरी बंद पडणार नाही, पण धक्के देईल. काळी धक्के देणार नाही, पण कुठंही बंद पडेल. सांगताना त्याला स्वतःचीच लाज वाटत होती. असला निवाडा लेकराकडं मागायचा नसतो, हे त्याला कळत होतं.

"काळी बंद पडली तर मला काय हुतंय?" तिनं विचारलं.

"तुला काय न्हाई. गाडी उबी राहंल."

"मग आप्पा, गाडी मोडू दे की. मी नगं मोडाय."

दुसऱ्या दिवशी बिरदेवनं काळी घेतली.  कागदांवर सह्या होत असताना लालासाहेब बाहेर जाऊन उभे राहिले. मात्र निघायच्या सकाळी हत्यारांची पेटी घेऊन मागच्या डिकीत बसले.

तासगाव गेलं, विटा गेलं. मागच्या वेळचा तो खड्डा आला तेव्हा मायानं डोळे मिटून घेतले. गाडी त्यावरून गेली आणि अंकिता म्हणाली, "आई, गेला त्यो. डोळं उघड." त्या दिवसात माया तेवढीच हसली.

मायणीच्या पुढं आवाज वाढला. बिरदेवनं वेग कमी केला. आरशात लालासाहेबांशी नजरानजर झाली. आणखी थोडं पुढं गेल्यावर आत काहीतरी सुटल्यासारखा खळखळाट झाला आणि इंजिन थांबलं. गाडी घरंगळत रस्त्याच्या कडेला आली.

लालासाहेबांनी बॉनेट उघडलं आणि लगेच बंद केलं. "गेलं," ते म्हणाले.

घर अजून आठ किलोमीटर होतं, निम्मा रस्ता मुरमाचा. ऊन चढत होतं आणि एसी बंद. पोरीला दुसऱ्या गाडीत उचलून ठेवायची कुणाची हिंमत नव्हती. ओढून न्यायला कुणी मिळतंय का म्हणून बिरदेव रस्त्यात उभा राहून येईल त्या गाडीला हात करत होता. दोन गाड्या थांबल्या, त्यातली माणसं आत डोकावली आणि निघून गेली. बापाची मेंढरं दोन दिवसांत संपवली, हेच त्याच्या डोक्यात फिरत होतं. तो गाडीमागं जाऊन खाली बसला आणि तोंडात शर्टाची बाही धरून रडला.

मग उसाची रिकामी ट्रॉली घेऊन एक ट्रॅक्टर आला. नानासो नावाचा पन्नाशीचा माणूस, शेजारच्याच गावचा. त्यानं ऐकून घेतलं, ट्रॉली सोडून बाजूला लावली आणि दोर काढला.

"हिसका बसंल," माया पुढं येऊन म्हणाली. "दोराला हिसका बसतोच की वो!"

लालासाहेबांनी ट्रॅक्टरवर पडलेली टायरची जुनी ट्यूब मागून घेतली. दोर मधोमध कापून त्यात ती ट्यूब दुहेरी बांधली. "आता ही ताणंल. नानासो, बोटाएवढं पुढं घ्या. मी हात वर करीपतूर थांबायचं न्हाई आन पळायचं बी न्हाई."

ट्यूब ताणली, बारीक झाली आणि गाडी कळेल न कळेल अशी हलली. इंजिन बंद असल्यानं स्टिअरिंग दगडासारखं जड झालं होतं. ब्रेकवर बिरदेवला दोन्ही पाय रोवावे लागत होते. लालासाहेब गाडीशेजारून चालत होते. आठ किलोमीटरला अडीच तास लागले.

दारात धुळा उभाच होता. ट्रॅक्टर, दोर, मेलेली गाडी, सगळं त्यानं पाहिलं. "पोरगी?"

"धड हाय," बिरदेव म्हणाला.  दुसरं इंजिन घ्यायला आता पैसेच उरले नव्हते. लालासाहेब निघताना त्यानं विचारलं, "पांढरी घ्याय पायजे हुती का?"

"मला इंजनाचं कळतंय रं," लालासाहेब म्हणाले. "पोरीचं मला कळत न्हाई."

चार दिवसांत हवा उतरून गाडी चाकांवर बसली. पेपरच्या आदल्या दिवशी लालासाहेब पंक्चरवाल्याचा कंप्रेसर घेऊन आले आणि हवेच्या पिशव्यांच्या नळ्यांत एकेक करून हवा भरली. उजवीकडची मागची पिशवी किती वेळ धरेल, हे त्यांनाही सांगता येईना.

सकाळी सातला नानासो ट्रॅक्टर घेऊन आला. परीक्षेचं त्यानं त्या दिवशीच ऐकलं होतं; कुणी त्याला दुसऱ्यांदा सांगायला गेलं नव्हतं. त्यानं फक्त विचारलं, "पेपर कितीला?"

"अकराला," अंकिता गाडीतून म्हणाली. तिच्या पोटावर पुस्तक उघडं होतं.

दोर बांधून होईपर्यंत धुळा कुणाला न सांगता पुढं निघाला होता. ट्रॅक्टर चालू झाला तेव्हा तो वळणापाशी पोचला होता आणि वाकून काठीनं रस्त्यातले दगड बाजूला सारत होता. डांबरी सडक अजून कोसभर लांब होती.