ड्रॉवरमध्ये राहिलेला हुक

मी एक जुना, हलका आणि स्वभावाने घाबरट ट्रायपॉड आहे, मित्रांनो. माझं वजन पाऊण किलोच्या आत आहे. ह्या वजनासाठी माझं कौतुक झालं आणि ह्या वजनापायीच माझ्या जिवाला कायमचा घोर लागला. आता मी एका खिडकीशी उभा असतो, तिथे वाऱ्याची झुळूकसुद्धा येत नाही. तरी बाहेर झाडं हलली की मी पाय घट्ट रोवून धरतो.

माझे पाय काळ्या कार्बनच्या नळ्यांचे आहेत. प्रत्येक पायात चार नळ्या, एकीतून एक सरकणाऱ्या. शेवटची तर करंगळीएवढीच बारीक. माझ्या माथ्यावर दुर्बीण बसते, एका डोळ्याने बघायची, लांबलचक आणि माझ्याहून वजनदार. मला घडवणाऱ्यांनी मधोमध एक आखूड दांडी बसवली आणि तिच्या खालच्या टोकाला एक हुक लावला. तो कशासाठी, हे मला कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

अलास्कातल्या एका दुकानाच्या फळीवर मी सहा महिने होतो. मग एके दिवशी रोवीना आली.

रोवीना एकसष्ट वर्षांची होती आणि तिच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं होतं. एकतीस वर्षं ती शिकार खात्याच्या खिडकीवर बसली. तिकडे डोंगरी मेंढा मारला की त्याची शिंगं त्या खिडकीवर आणून दाखवावी लागतात. शिंगाचं वेटोळं पूर्ण असावं, नाहीतर जनावर आठ वर्षांचं तरी असावं, असा नियम आहे. प्रत्येक हिवाळा शिंगावर एक वळं सोडून जातो. रोवीना अंगठ्याचं नख फिरवून ती वळी मोजायची. आठ भरली तर शिक्का. सात भरली तर शिंगं जप्त आणि परवाना रद्द. "सात," असं ती आवाज न चढवता म्हणायची आणि मोठमोठे बाप्ये आपल्या बुटांकडे बघत उभे राहायचे. ह्या सगळ्या वर्षांत तिने स्वतः एकही मेंढा मारला नव्हता. निवृत्त झाल्यावर एकदा तरी जायचंच, आणि गुडघा साथ देतोय तोवर जायचं, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं.

तिच्याबरोबर तिचा धाकटा भाऊ क्लाइड होता. वीस वर्षांपूर्वी त्याच्याही शिंगांना तिने सातच म्हटलं होतं. ते त्याने कधीच मान्य केलं नाही. "सख्ख्या भावाला सोडलं असतं तर गाव बोललं असतं, म्हणून बाईंनी माझ्या मेंढ्याचं एक वर्ष खाल्लं," असं तो चारचौघांत हसत सांगायचा. रोवीनाही हसायची, पण घरी गेल्यावर दोन दिवस त्याचा फोन उचलायची नाही.

दुकानात क्लाइडने एक जाडजूड ॲल्युमिनियमचा ट्रायपॉड उचलला. "हा घे, रो. हत्ती बसला तरी हलायचा नाही."

"आणि वर चढवणार कोण? तोच हत्ती?"

"मी आहे ना."

"तू तुझं सामान उचल. माझं ओझं मी नेणार."

तिने त्या जाडोबाला आणि मला, दोघांनाही जमिनीवर उभं केलं. खाली फतकल मारून बसली, दुर्बीण चढवली आणि बोटाने हलकेच टिचकी मारली. टिचकीनंतर चित्र किती वेळ थरथरतं हे तिला बघायचं होतं. त्या जाडोबावर चित्र लगेच थांबलं. माझ्यावर मात्र तिने एक, दोन, तीन मोजले, आणि मला वाटलं, संपलं, आता परत फळीवर. पण मग तिने मला एका हाताने उचललं, दुसऱ्या हाताने गुडघा चोळला आणि म्हणाली, "बसूनच तर बघायचंय. हा पुरे."

घरी गेल्यावर ओझं कमी करायला स्वयंपाकघरातला वजनकाटा बाहेर आला. तिने दात घासायच्या ब्रशचा दांडा कापला. कपड्यांना आतून शिवलेल्या चिठ्ठ्या कापल्या. मग माझी मधली दांडी आणि हुक काढून काट्यावर ठेवले. पंच्याऐंशी ग्रॅम भरले. "ह्याचं काय काम?" म्हणून तिने ते ड्रॉवरमध्ये टाकून दिले, रबरबँड आणि मेणबत्त्यांच्या सोबतीला. खरं सांगतो मित्रांनो, तेव्हा मला आनंदच झाला. आणखी हलका झालो म्हणून मीही मनातल्या मनात मिरवलो.

ऑगस्टमध्ये छोट्या विमानाने आम्हाला नदीच्या वाळवंटात उतरवलं. चढायला तीन दिवस लागले. गुडघा सुजला तरी रोवीनाने सॅक कोणाला दिली नाही. चौथ्या दिवशी दुपारी, समोरच्या उतारावर, साडेतीनशे पावलांवर एक मेंढा रवंथ करत बसलेला दिसला. त्याच्या शिंगाचं वेटोळं किंचित अपुरं होतं, म्हणजे वळी मोजणं आलं. आणखी जवळ जायला आडोसा नव्हता.

तिने मला रोवलं आणि त्याच क्षणी हिमनदीकडून वारा सुटला.

मी जिवाच्या आकांताने उभा राहिलो, पण माझे बारीक पाय वाऱ्यात थरथरू लागले आणि दुर्बिणीतलं शिंगही थरथरू लागलं. बुंध्याजवळच्या एका रेघेच्या दोन रेघा दिसायच्या, परत एक, परत दोन. ते आठवं वळं मेंढ्याचं होतं की माझं, मलाच कळेना. माझ्यामुळे ही बाई चुकली तर? एकतीस वर्षं जिने दुसऱ्यांची वळी मोजली, ती स्वतःच सात वळ्यांची शिंगं घेऊन त्या खिडकीवर उभी राहिली तर?

"किती?" क्लाइडने विचारलं.

"थांब."

"रो, अर्धा तास झाला."

"एकदा आठ येतात, एकदा सात."

"मग आठ आहेत. मार."

"एकदा सात येतात म्हटलं ना."

"खिडकीत बसून लोकांची मोजताना असं थांबत नव्हतीस."

"खिडकीत शिंग हातात असायचं." तिने डोळे पुसले, माझ्या पोटाखालच्या रिकाम्या भोकाकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "हुक. त्याला सॅक लटकवायची असते, वाऱ्यात हलू नये म्हणून. मी तो घरी ठेवून आले."

आता वीस वर्षांचे टोमणे एकदम बरसणार, असं मला वाटलं. क्लाइड वाकला आणि बुटाची नाडी सोडू लागला.

"काय करतोयस?"

"नाडी काढतोय. दिसत नाही का?"

त्याने नाडी माझ्या तिन्ही पायांच्या बेचक्यातून ओवून गाठ मारली. रोवीनाच्या सॅकमध्ये चार दगड घातले आणि ती नाडीला अडकवली. माझे पाय जमिनीत रुतले. एवढं ओझं मी कधी पेललं नव्हतं, आणि इतका शांतही मी कधी उभा राहिलो नव्हतो.

मेंढ्याने मान वळवली. रोवीनाने बराच वेळ पाहिलं. मग काही न सांगता ती बाजूला सरकली आणि तिने बंदूक हातात घेतली. "तू मोज."

"मी?"

"माझं मोजलेलं तुला पटत नाही. तू मोज. आठ म्हणालास तर मी मारते."

क्लाइड पुढे सरकला. तो हवेत बोट हलवत टोकाकडून बुंध्याकडे मोजत गेला. बहिणीची एवढी एकच हौस होती, आणि त्याच्या पोटात वीस वर्षांचा राग होता. त्याने पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

"सात," तो म्हणाला.

रोवीनाने बंदूक खाली ठेवली. मेंढा उठला आणि अंग झटकून सावकाश कड्यामागे गेला. तो दिसेनासा झाल्यावरही क्लाइडने डोळा दुर्बिणीला लावूनच ठेवला होता.

"मी तेव्हा दुर्बीण सॅकवर टेकवून बघितलं होतं," तो म्हणाला. "वारा होता. मला आठ हवी होती." मग दुर्बिणीवरचा डोळा काढून तो म्हणाला, "माझाही सातच होता, रो."

"माहितीये," ती म्हणाली. "तंबूची दोरी घे आणि बूट बांध. पाय गारठतील."

रोवीनाला पुन्हा डोंगर चढता आला नाही. पुढच्या वर्षी गुडघ्याने नाही म्हटलं. आता ती घरच्या खिडकीतून समोरचा उतार बघते आणि क्लाइड रविवारी येतो. दोघं आळीपाळीने दुर्बिणीला डोळा लावतात आणि दिसेल त्या मेंढ्याची वळी मोजत बसतात. हुक केव्हाच ड्रॉवरमधून परत माझ्या जागी आला आहे. ती नाडीही कोणी सोडलेली नाही.

तेव्हा मित्रांनो, मला हलका बघून निवडा, मला त्याचा राग नाही. तुमच्या पाठीची आणि गुडघ्यांची काळजी मला कळते. फक्त वारा सुटला की माझ्यावर थोडं ओझं टाका, आणि मी थरथरतोय तोवर माझ्या भरवशावर गोळी झाडू नका.