सदतिसावं पान

रुग्णालयाच्या एक्स-रे विभागात तिची एकवीस वर्षं नोकरी झाली होती. त्यामुळे रविवारच्या जुन्या बाजारात सगळे तिला एक्सरेबाई म्हणत. ती पुस्तक हातात घ्यायची तीही तशीच. आधी पाठीचा कणा, मग शिलाई, मग एकेक पान उजेडाकडे धरून. "आल्या बाई, पुस्तकांची हाडं मोजायला," असं पुस्तकवाले हसून म्हणायचे, आणि तिच्यासाठी मागे ठेवलेला गठ्ठा पुढे सरकवायचे.

तिला फक्त फोटोंची पुस्तकं लागत. कादंबऱ्या नकोत, कविता तर नकोतच. घरात दोन कपाटं भरली होती आणि तिसरं नवऱ्याच्या कपड्यांवर आक्रमण करत होतं. नवरा बसडेपोत वेळा नोंदवायच्या टेबलावर होता, स्वभावाने थंड. तो काही बोलत नसे. नणंद मात्र सोडत नसे. "वहिनी, लोक आपल्या माणसांचे फोटो भिंतीवर लावतात. तुम्ही परक्यांचे कपाटात कोंडता. आमचा एक तरी फोटो आहे का घरात?"

गेली तीन वर्षं मात्र बाईंना एकाच पुस्तकाने पछाडलं होतं. एका काच कारखान्याचं पुस्तक. भट्टी, नळीतून काच फुंकणारे कामगार, जेवणाच्या सुट्टीत भिंतीला टेकलेल्या बाया. उजव्या पानावर फोटो, डावं पान कोरं, प्रत्येक फोटोखाली नुसता आकडा. त्यांच्याकडे दुसरी आवृत्ती होती, काळ्या पुठ्ठ्याची. त्यात छत्तिसाव्या फोटोनंतर थेट अडतिसावा यायचा. सदतिसावा नव्हताच. कुणी फाडलेला नव्हता, छापलेलाच नव्हता, आणि आकडे बदलायची तसदीही कुणी घेतलेली नव्हती. पडलेल्या दाताच्या जागी जीभ पुन्हा पुन्हा जावी, तसं बाईंचं मन त्या जागी जायचं.

पहिली आवृत्ती राखाडी कापडाची, तीनशे प्रतींची. त्यात सदतिसावा होता म्हणे. बाईंनी गावोगावच्या दुकानदारांना पत्रं टाकली, फोन केले. पायाला भिंगरी लावल्यागत सुट्ट्या घालवल्या. चार वेळा प्रत सापडली, आणि चारही वेळा तिथे पोचेपर्यंत ती विकली गेलेली होती.

"कोण घेतं हो?" त्यांनी एका रविवारी डिंक्याला विचारलं. हा बाजारातला सगळ्यात जुना पुस्तकवाला. खिळखिळी पुस्तकं चिकटवून चिकटवून त्याची बोटं कायम चिकट असत, म्हणून हे नाव.

"मला काय माहीत?"

"डिंक्या, तुझी बोटं चिकटतात तशी जीभ चिकटलीय का? चारही वेळा तूच मध्ये होतास."

त्याने आजूबाजूला पाहिलं. "एक ताई आहेत. काच कारखान्यातच होत्या, पॅकिंगला. आता निवृत्त झाल्यात. मिळेल ती प्रत घेतात. माझं नाव सांगू नका, नाहीतर माझं चांगलं गिऱ्हाईक जाईल." आणि एका पावतीच्या मागे त्याने पत्ता लिहून दिला.

दुसऱ्याच दिवशी ड्युटी संपल्यावर बाई तिथे गेल्या. तिसरा मजला. घरातली फरशी इतकी स्वच्छ होती की चपला दाराबाहेर काढतानाही संकोच वाटावा. दार उघडणाऱ्या ताई चौसष्ट-पासष्टच्या, ताठ कण्याच्या. बाईंनी काय हवंय ते सांगितलं, तशी त्या बाजूला झाल्या.

भिंतीला लागून एक लांब फळी होती. फळीवर राखाडी कापडाच्या पाठी, एकीला एक लागून, सगळ्या सारख्या. आपण एका प्रतीसाठी जिवाचं रान केलं, आणि इथे अख्खी पलटण उभी!

"एकसष्ट आहेत," ताई म्हणाल्या. "बघा हवं तर."

बाईंनी एक काढलं. छत्तीस. मग आतल्या शिवणीशी कागदाची बोटभर पट्टी, पात्याने सरळ कापलेली. मग अडतीस. दुसरं काढलं, तिसरं काढलं. सगळीकडे तीच पट्टी.

"तुम्ही कापलंत?"

"मीच. बसा."

ताईंनी सगळं सांगितलं, पण आवाज कुठे चढला नाही की ओला झाला नाही. लग्नाला चार महिने झाले होते. नवरा भट्टीवर होता. दुपारी ती त्याला भेटायला फाटकाशी गेली, तिथे फोटोवाला उभा होता. तो काहीतरी गमतीचं बोलला आणि ती खळखळून हसली. त्याने बटण दाबलं. त्याच क्षणी तिच्या मागे, आतल्या दारातून, चार माणसं स्ट्रेचर घेऊन बाहेर पडत होती.

"मला वळल्यावर कळलं," ताई म्हणाल्या. "दोन वर्षांनी पुस्तक आलं. शेजारणीने ते सासूबाईंना नेऊन दाखवलं. सासूबाई म्हणाल्या, लेक आत जळत होता आणि ही बाहेर दात काढत उभी होती. फोटोच होता, मी काय उत्तर देणार? त्या घरातून मी नेसत्या वस्त्रानिशी निघाले."

"आणि तो फोटोवाला?"

"माणूस वाईट नव्हता. मी त्याच्याकडे गेले तेव्हा रडला बिचारा. म्हणाला, मागचं मला तेव्हा दिसलंच नव्हतं, धुतल्यावर दिसलं. पुढच्या आवृत्तीत त्याने तो फोटो काढून टाकला. पण तीनशे प्रती जगभर फिरत होत्याच की." त्यांनी फळीकडे हात केला. "पान मी पाण्यात भिजत घालते, लगदा होईपर्यंत. न बघता कापते. त्या दिवसानंतर मी तो फोटो पाहिलेला नाही."

मग त्यांनी बाईंकडे सरळ पाहिलं. "तुम्हाला कशाला हवंय?"

जुन्या बाजारात कुणाला ऐकायची नाही अशी बाईंची जीभ. पण इथे टाळूला चिकटली. "माझ्याकडे नाही म्हणून," एवढंच तोंडून निघालं, आणि ते ऐकून त्यांची त्यांनाच लाज वाटली.

कानाला खडा लावून त्या घरी आल्या. आता या पुस्तकाचं नाव नाही काढायचं. पंधरा दिवस नाही काढलं. सोळाव्या दिवशी वॉर्डातली सिस्टर चहा पिता पिता म्हणाली की तिच्या माहेरगावचा कामगार क्लब बंद पडतोय, तिथली पुस्तकं वाटेल त्याला देताहेत. "फोटोंचीही आहेत हं बाई, काचवाल्यांची वगैरे."

बाईंनी अर्धा दिवस रजा टाकली. तीन तासांचा बसप्रवास. क्लबाच्या हॉलमध्ये खुर्च्या उलट्या घालून ठेवलेल्या, पुस्तकं जमिनीवर. चौथ्या ढिगात ते राखाडी कापड दिसलं. तिथेच फरशीवर बसून त्यांनी पानं उलटली. पस्तीस. छत्तीस. कोरं पान.

सदतीस.

विशीतली पोरगी, केस वाऱ्याने तोंडावर आलेले, एक हात ते सावरायला वर गेलेला. हसू असं की बघणाऱ्याचेही ओठ हलावेत. आणि तिच्या खांद्यामागे, अंधाऱ्या दारात, चार वाकलेल्या पाठी. मधे पांढरं काहीतरी.

इतका चांगला फोटो बाईंनी दोन कपाटांत पाहिला नव्हता. हे त्यांना पहिल्याच क्षणी कळलं, आणि पुढच्याच क्षणी त्यांनी पुस्तक मिटलं. कारण हे चित्र त्यांच्या रोजच्या ओळखीचं होतं. माणूस टेबलावर झोपून थट्टा करत असतो, "बाई, हसू का? फोटो चांगला येईल." आणि पडद्यावर त्यांना छातीतला डाग आधी दिसतो. त्याला अजून काही माहीत नसतं. त्या म्हणतात, "डॉक्टर सांगतील," आणि नजर टाळतात.

पुस्तक घरी आलं आणि घरात काहीच जागेवर राहिलं नाही. कपाटात ठेवलं, मग कपड्यांच्या घडीखाली, मग पलंगाखालच्या ट्रंकेत. डिंक्याने विचारलं, "लागला का पत्ता?" तर बाई म्हणाल्या, "सोडलं मी ते." नवरा जेवताना म्हणाला, "तिसऱ्यांदा मीठ घातलंस." दिवसातून चार वेळा पान उघडायचं, चार वेळा मिटायचं. ज्याची इतकी वर्षं वाट पाहिली ते हाती आलं होतं, आणि कुणाला दाखवायची सोय नव्हती. दाखवलं तर ती शेजारीण झालो आपण, हा विचार काट्यासारखा रुतून बसला होता.

दहाव्या दिवशी एका पेशंटची प्लेट उलटी लागली. एकवीस वर्षांत पहिल्यांदा. त्या संध्याकाळी बाई पुस्तक पिशवीत घालून तिसऱ्या मजल्यावर गेल्या.

ताईंनी पिशवीकडे पाहिलं आणि ओळखलं. "पान आहे?"

"आहे."

"पाहिलंत?"

"पाहिलं. खोटं कशाला बोलू? रोज पाहिलं."

ताई खुर्चीत टेकल्या. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं, पुन्हा पुन्हा. मग त्यांनी विचारलं, "कशी दिसते मी?"

बाईंना 'डॉक्टर सांगतील' म्हणता येणार नव्हतं. "लग्नाला चार महिने झालेली मुलगी दिसते," त्या म्हणाल्या. "दुसरं काही नाही. मागचं मागे आहे. तिला ते माहीत नाही, हे बघणाऱ्याला स्वच्छ कळतं."

"सासूबाईंना नाही कळलं."

"त्यांचा लेक होता, ताई. त्यांनी फोटो पाहिलाच नसणार. त्यांनी नुसतं स्ट्रेचर पाहिलं."

ताईंनी टेबलाच्या खणातून पातं काढलं आणि पुस्तकाशेजारी ठेवलं. मग चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. पुस्तक मात्र उघडलं नाही. "तू ठेवून जा," त्या म्हणाल्या. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघींनाही कळलं नाही.

बाई रिकाम्या पिशवीने जिना उतरल्या. हलकं वाटेल असं वाटलं होतं, तसं काही वाटलं नाही. आठवडाभर फोन वाजला की दचकायला व्हायचं. नवव्या दिवशी ताईंचा फोन आला. "ये. पुस्तक घेऊन जा."

पुस्तक टेबलावर होतं. बाईंनी उघडलं. छत्तीस, मग सरळ कापलेली पट्टी, मग अडतीस. त्यांनी पट्टीच्या कडेवरून बोट फिरवलं.

"भिजत नाही घातलं," ताई म्हणाल्या. "आतल्या खोलीत आहे. विचारू नकोस."

"नाही विचारत."

"केस सावरायची मला सवयच होती. तो ओरडायचा, केस बांधत जा म्हणून." ताईंच्या ओठाचा कोपरा हलला, आणि तेवढ्यात त्या चहा ठेवायला उठल्या.

घरी नवऱ्याने विचारलं, "मिळालं एकदाचं? आता झालं ना?" बाईंनी राखाडी पुस्तक काळ्या पुस्तकाशेजारी लावलं. दोन्हीत आता तीच जागा रिकामी होती. "झालं," त्या म्हणाल्या, पण उभ्याच राहिल्या. मग उगाच दुसरी पुस्तकं काढून पुन्हा लावत बसल्या. नवऱ्याने पेपर तोंडासमोर धरला.

दोन महिन्यांनी ड्युटीवरच ताईंचा फोन आला. दूरच्या एका गावी शाळामास्तरांच्या घरी प्रत असल्याचं डिंक्या म्हणतोय. "माझ्या गुडघ्यांना आता एवढा प्रवास झेपत नाही. तू जाशील?"

"जाते की. कापून आणू, की तशीच आणू?"



"आधी आण तर," ताई म्हणाल्या. "मग बघू."

बाईंनी रजेचा अर्ज लिहिला. पुढच्या पेशंटला हाक मारायच्या आधी त्यांनी बसच्या वेळा विचारायला नवऱ्याला फोन लावला.