पाटीवरची चार अक्षरं

अंबडच्या बाजारात देवानंदच्या बेकरीवर लटकलेली लाकडी पाटी मी. बौद्धवाड्यातून येऊन पेठेत दुकान थाटणारा देवानंद पहिलाच. औरंगाबादेत दुसऱ्याच्या भट्टीवर राबून तो हे काम शिकला होता. 'ताजा पाव' ही अक्षरं त्यानं स्वतःच्या हातानं माझ्यावर रंगवली. मला त्याचा फार अभिमान होता.

त्र्याहत्तरच्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या मजुरांसाठी गावाबाहेर दवाखाना उघडला. तिथं फ्रान्सहून मारी नावाची नर्स आली होती. ती रोज पाव न्यायची. एकदा मोडक्या मराठीत म्हणाली, "आमच्याकडे पावाला पँ म्हणतात." स्पेलिंगही सांगितलं. देवानंद इतका खूश झाला, की त्यानं तीही अक्षरं माझ्यावर काढली. पी, ए, आय, एन.

बाजारच्या दिवशी कॉलेजात जाणारा मच्छिंद्र मला वाचून हसला. "पेन म्हंजे दुखणं. पाव खाल्ला की पोट दुखतं, ह्यानंच लिहून ठेवलंय."

बोलणं पेठभर पसरलं. देवानंदच्या हातचं खायला आधीच कचरणाऱ्यांना निमित्त मिळालं. पाव शिळे होऊ लागले.

देवानंद रंगाचा डबा घेऊन माझ्यासमोर आला. "पुसून टाकतो. धंदा बसून राह्यला."

त्याच्या बायकोनं, उषाबाईनं, ब्रश काढून घेतला. "शब्द खोटा हाय का? न्हाई ना? मंग त्या बाईलाच बोलवा."

पुढच्या बाजारी मारी आली. सगळ्यांसमोर पाव मोडून खात म्हणाली, "अक्षरं तीच. इंग्रज वाचतो, दुखणं. आम्ही वाचतो, पाव. आमचं रोजचं जेवण."

लोक ऐकत होते, पण पुढे कोणी येईना. मग वरच्या आळीतली चांगुणाबाई गर्दीतून निघाली. दुष्काळात तीही खडी फोडायला जायची. "भूक बी दुखणंच हाय," ती म्हणाली. "दे देवानंदा, एक पाव दे."

तिनं तिथंच उभ्यानं खाल्ला. मग मच्छिंद्रनंही हात पुढे केला. संध्याकाळी भट्टीवर एकही पाव उरला नाही.

आता एकोणऐंशी साल आहे. माझ्या जागी पत्र्याची नवी पाटी येणार आहे. येऊ द्या. लाकूड जुनं झालंय, जळणातही जाईन. एवढंच म्हणणं आहे, की ती चार अक्षरं नव्या पाटीवरही लिहा, आणि कोणी हसलं तर त्याला एक पाव खायला द्या.