स्पिरिटचा वास

गोष्ट एकोणीसशे चौऱ्याऐंशी सालची. त्या वर्षी फर्निचरच्या शेडमधल्या पॉलिशवाल्याने दारू सोडली, आणि त्याच वर्षी त्याच्या बायकोने घर सोडायची तयारी केली.

बाई काही तापट डोक्याची नव्हती. पण लग्न झाल्यापासून तिने या माणसाची ओकारी पुसली होती. चटईच्या विणीत अडकलेली, उशीवर वाळून कडक झालेली, एकदा तर लेकीच्या शाळेच्या बुटातली! रोज संध्याकाळी ती दारातच त्याचं तोंड हुंगायची. पण त्याचाही उपयोग नव्हता. हा दिवसभर स्पिरिटमध्ये लाख विरघळवून कपाटांवर फिरवणार. पिऊन आला तरी तोच वास, न पिता आला तरी तोच.

"शेवटचं सांगते," ती म्हणाली, "यापुढे एकदा जरी ओकलात, तर लेकीला घेऊन आईकडे निघून जाईन. मग या शोधत!"

तो दुसऱ्याच दिवशी उठला. गुपचूप दवाखान्यात जाऊन दारू सोडवणाऱ्या गोळ्या घेऊन आला. गुपचूप अशासाठी, की त्याच शेडमध्ये सुतारकाम करणारा त्याचा थोरला भाऊ जिभेचा पट्टा सोडून बसलेला असे. अशा गोळ्यांचा विषय निघाला की म्हणे, "गोळ्या खाऊन दारू सोडायची? मग बांगड्याच भर की! मनगटात जोर असेल तर तशीच सोडून दाखव." म्हणून गोळ्यांचं पाकीट मोज्यात राहू लागलं.

दोन महिने बरे गेले. मग एकदा धूळ बसू नये म्हणून खिडक्या लावून दारांना पॉलिश करायचं काम आलं. दुपारपर्यंत त्याचं तोंड लालबुंद झालं, छाती धडधडू लागली, आणि ताज्या पॉलिशवरच तो भडाभडा ओकला.

आणि मंडळी हसली! एकाने झोकांड्या खाऊन दाखवल्या. थोरल्याने नाक दाबून भावजयीला बोलावणं धाडलं आणि ती येताच म्हणाला, "घेऊन जा तुझं रत्न. आज सकाळीच टाकून आलंय."

"थेंबसुद्धा नाही गं," तो भिंतीला टेकून कण्हला.

"किळस येते मला तुमची," ती म्हणाली आणि पाठ फिरवून चालू लागली. पण मागे तो धाडकन कोसळला. मालकाने टेम्पो काढला. मेला तर लेकीला काय सांगू, एवढ्याच विचाराने ती आत चढली. थोरलाही आला.

दवाखान्यात सलाईन लावून झाल्यावर, गोळ्या देणाऱ्या त्याच डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काय प्यायलात?"

"काही नाही बाई. पॉलिश करत होतो."

"पॉलिश? तुम्ही तर लाकडाचं काम म्हणाला होतात!"

"मग लाकडालाच करतो ना पॉलिश!"

बाईंनी कपाळावर हात मारला. "मी सुतार समजले. नीट विचारलं नाही, चूक माझी. अहो, या गोळीवर दारूचा घोट गेला तरी असं होतं, आणि बंद खोलीत स्पिरिटची, म्हणजे अल्कोहोलचीच, वाफ नाकात गेली तरी होतं. हा माणूस प्यालेला नाही!"

बायको बघतच राहिली. दोन महिने घरात ओकारी पुसायला फडकं लागलं नव्हतं. तिला वाटलं होतं, बाहेरच उरकून येतो.

"पण बाई, गोळीवर सोडली ती काय सोडली?" थोरल्याने तोंड घातलंच. "मनाचा निश्चय हवा."

"चष्मा काढा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"आँ?"

"काढा. आणि आता निश्चयाने ती समोरची पाटी वाचा."

थोरल्याने डोळे बारीक केले, मोठे केले, आणि मुकाट्याने चष्मा परत चढवला.

"निश्चय होता म्हणूनच हा माझ्याकडे आला. दारूचं व्यसन हा आजार आहे. आजाराला औषध घेण्यात कसली लाज? लाज लपवण्याची वाटावी. यांनी शेडमध्ये उघडपणे सांगितलं असतं, तर निदान एक खिडकी तरी उघडली असती! आणि बाई, असली गोळी कुणाच्या चहात गुपचूप कालवू नका कधी. माणूस जायचा."

त्याने पायाकडे खूण केली तशी बायकोने त्याच्या मोज्यातून पाकीट काढलं. "बाई पुन्हा सुरू करा म्हणतील, तेव्हा हे चहाच्या डब्याशेजारी राहील. कोण येऊन हसतो ते बघतेच!" मग तिने हातानेच त्याची हनुवटी पुसली. तिला किळस आली नाही.

मालकाने त्याला स्पिरिटऐवजी मेण घासायच्या कामावर घेतलं. पुढे शेडच बंद झाली. पॉलिशवाला एकदा 'आता बरा झालो' म्हणून स्वतःच गोळी थांबवून घसरला, आणि आपल्याच पायांनी दवाखान्यात परत गेला. म्हातारा होऊन, शुद्धीत गेला. लेक परिचारिका झाली. डॉक्टरीणबाई आता नाहीत. बायको आहे, दारात कुणाला हुंगायची सवय मात्र तिने त्याच दिवशी सोडली.

दारुड्याच्या ओकारीची किळस सगळ्यांनाच येते, वाचकहो. पण सुटू पाहणाऱ्या माणसाच्या औषधाला हसणाऱ्यांची किळस आपल्याला कधी येणार?

आणि थोरला? त्याची 'फक्त शनिवारची' दारू हळूहळू रोजची झाली होती. दवाखान्यातल्या त्या प्रसंगानंतर दोनेक वर्षांनी, एका सकाळी तो भावाच्या दारात उभा राहिला. चहाच्या डब्याकडे बघत म्हणाला, "त्या तुझ्या डॉक्टरीणबाई... किती वाजता बसतात रे?"