समोरची तार

तिने ग्राफाइटची कांडी चिमट्याने वर उचलली, टोक उजेडात धरून पाहिलं आणि पुन्हा आम्लात सोडली. कांडी शाबूत होती. जोडण्या घट्ट होत्या. म्हणजे पडद्यावर दिसत होतं ते खरंच होतं. चाचणीच्या पाच हजार फेऱ्या झाल्या होत्या आणि आलेख खाली घसरला होता. या आठवड्यात हे तिसऱ्यांदा.

पेल्यातल्या चकतीवर तिची काळी भुकटी होती. लोखंड, नायट्रोजन आणि कोळसा भट्टीत भाजून केलेली. हवेतल्या ऑक्सिजनवर वीज देणाऱ्या इंधनघटात ऑक्सिजनची क्रिया वेगाने घडवायचं काम प्लॅटिनम करतं, पण त्याचा भाव परवडत नाही, म्हणून हा सगळा खटाटोप. चार वर्षं ती या भुकटीमागे होती. प्रयोगशाळेत तिला सगळे लोखंडबाईच म्हणत. बाळंतपणाची रजा संपवून ती परत आली आणि भुकटीने एकदम नाव काढलं. झिजायची सोडून ती फेऱ्यांगणिक सुधारायलाच लागली, अगदी घरातल्या तान्हीसारखी, रोज थोडं जास्त बाळसं. सरांनी तो आलेख मोठ्या सभागृहात दाखवला. टाळ्या पडल्या. त्यावरचा लेख गेला की तिची नेमणूक दोन वर्षांनी वाढणार होती. नाही गेला तर ती महिनाअखेरीस संपत होती.

रजेवरून आल्यावर पहिल्याच आठवड्यात चकतीसमोरची ग्राफाइटची जुनी कांडी तिच्या हातून मोडली होती. दूध भरून आलं होतं, कपडे ओले व्हायच्या आत कोठीच्या खोलीत जाऊन दार लावून बसायचं होतं. खणात प्लॅटिनमची तार दिसली, तीच तिने लावून टाकली. समोरच्या इलेक्ट्रोडने काय, विजेचा रस्ता तेवढा पुरा करायचा. तात्पुरती म्हणून लावलेली तार आठ महिने तशीच राहिली. कणाकणाने ती आम्लात विरघळत होती, आणि ते कण जाऊन बसत होते लोखंडाच्या भुकटीवर. या आठवड्यात तार काढून नवी कांडी लावली तेव्हा तिला कळलं, सुधारत होतं ते लोखंड नव्हतंच.

"लोखंडबाई, सर विचारतायत, लेख पाठवला का?" शेजारच्या टेबलावरच्या चष्मिष विद्यार्थ्याने मान वर केली. "आज शेवटचा दिवस. आणि पार्टीचं काय ते पण सांगा."

"आधी तुझ्या त्या बाटल्या धू, मग पार्टी."

हातमोजे काढून ती सरांच्या काचेच्या खोलीत गेली.

"ये ये," सर म्हणाले. "कांडी लावून बघितलीस ना?"

ती खुर्ची ओढत होती. हात तसाच खुर्चीच्या पाठीवर राहिला.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"अगं, वापरावं तसं सुधारणारं लोखंड मी तीस वर्षांत पाहिलेलं नाही. टाळ्या पडल्या त्याच संध्याकाळी तुझ्या पेल्यात डोकावून आलो."

"मग बोलला का नाहीत सर?"

"बोललो असतो तर तुला घरी बसावं लागलं असतं. अंगावरचं मूल आहे तुला." त्यांनी पाण्याचा पेला तिच्यापुढे सरकवला. आवाजात माया होती, आणि तीच तिला सोसेना. "कृतीच्या भागात समोरचा इलेक्ट्रोड कुठला ते तू लिहिलेलंच नाहीस. तसंच राहू दे."

"कोणी विचारलं तर?"

"तर विसरलीस. घाईत होतीस. यात खोटं काय आहे?"

खोटं काहीच नव्हतं. ती पाणी न पिताच उठली.

जागेवर येऊन तिने लेख उघडला. आलेख काढून टाकला तर लेखच उरत नव्हता. 'ग्राफाइट' लिहायला बोट वळत नव्हतं. बराच वेळ ती कीबोर्डवर तळवे टेकवून बसली. मग कृतीच्या भागात, आम्लाच्या प्रमाणाखाली, तिने चार शब्द लिहिले: समोरचा इलेक्ट्रोड प्लॅटिनमची तार. लेख तपासणाऱ्यांपैकी एकालाही या कामातलं कळत असेल, तर तो पुढचं पान न उलटताच लेख नाकारणार होता. तिने लेख पाठवून दिला. त्याची प्रत आपोआप सरांकडेही गेली.

फोन वाजला. सासूबाई.

"झालं का गं एकदाचं? पोरगी दाराकडे बघून बघून दमली."

"पाठवला, आई."

"सुटलीस बाई! आता दोन वर्षं तरी डोक्याला ताप नाही."

काचेपलीकडे सर पडद्याजवळ वाकून वाचत होते. चष्मा काढून त्यांनी पुसला, पुन्हा वाचलं. मग उठले. तिला वाटलं, आता दार उघडतील. त्यांनी दोरी ओढली आणि काचेवरच्या पडद्याच्या पट्ट्या एकेक करून मिटल्या.

"अगं, आहेस ना?" फोनमधून सासूबाई म्हणाल्या. मागे पोरगी काहीतरी बडबडत होती.

"आहे," ती म्हणाली. "अजून आहे इथे."